कृपया वाट पाहू नये

४ फेब्रुवारी, सोमवार

चित्रकार शेवटी ठरला. दुपारी मालकीणबाईंनी बंदराचं चित्र माझ्या टेबलावर टेकवलं आणि म्हणाल्या, "हाच. बोलावून घे." चित्रात होड्या आहेत, झेंडे, धूर, पक्षी. कुठेही बोट ठेवा, बोटाखाली काहीतरी सापडतंच. आमच्या धंद्यात तेच लागतं. आम्ही चित्रकोडी तयार करतो. चित्र पुठ्ठ्यावर चिकटवायचं, साच्याखाली दाबून त्याचे पाचशे तुकडे करायचे आणि ते लोकांना पुन्हा जोडायला विकायचे. माझ्या आत्याला हे अजून पटलेलं नाही. "धडधाकट चित्र मोडून विकता, आणि लोक घेतात?" असं ती दर आठवड्याला विचारते.

निवडलेला चित्रकार फ्रीलान्स काम करतो आणि केसांचा बुचडा बांधतो. फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका वेळ गप्प राहिला की फोन कटला असं वाटून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग तो म्हणाला, "ऐकलं होतं. अजून एकदा ऐकायला बरं वाटलं."

नंतर मी बाईंना विचारलं, "मॅडम, चित्रं पाठवलेल्या बाकीच्यांना काय कळवायचं?"

"काही नाही."

"म्हणजे नंतर कळवायचं?"

"म्हणजे काहीच नाही. उत्तर आलं नाही की माणसाला समजतं."

मला कधी समजलं नाही. ही नोकरी लागायच्या आधी मी जिथे जिथे अर्ज केले त्या सगळ्यांची वाट पाहिली. आई घरात कुणाला फोनवर बोलू द्यायची नाही, "तिचा यायचाय" म्हणायची. एका पुस्तकांच्या दुकानाची तर मी अजूनही आतल्या आत थोडी वाट पाहते आहे.

म्हणून म्हटलं, पत्रं मी लिहिते. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लिही. पण कारण लिहू नकोस. कारण लिहिलं की माणूस वाद घालायला येतो." आणि केबिनच्या दारातून वळून म्हणाल्या, "तुझं ट्रायल अठ्ठावीसला संपतंय, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं. दात दुखावा तशी ती तारीख सतत जाणवते. पण या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे घरी येईपर्यंत शोधत होते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

पत्राचा मसुदा घरी वाचून दाखवला. "आपणास कळवण्यास अत्यंत खेद होतो की" एवढं ऐकून आत्या म्हणाली, "कोण गेलं गं?"

"कुणी गेलं नाही. काम दुसऱ्याला दिलंय."

"मग तसं सांग की, बालिस्टर. मी इथे डोळ्यांना पदर लावायच्या बेतात होते."

आत्या मला बालिस्टर म्हणते, कारण आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिलीच. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. बाबा सामानाचा टेम्पो चालवतात. बाबांना आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. गाडीच्या नंबरावरून ते माणूस ओळखतात.

शेवटी पत्र असं झालं: "आपण पाठवलेलं चित्र आम्ही नीट पाहिलं. हे काम दुसऱ्या चित्रकाराला दिलं आहे. कृपया वाट पाहू नये. चित्र पाठवल्याबद्दल आभार." खाली मालकीणबाईंचं नाव, त्याआधी "करिता", आणि बाजूला माझी बारीक सही. खरं तर ती सहीसुद्धा नाही, आद्याक्षरं आहेत. पूर्ण सही करायचा अधिकार मला आहे की नाही ते माहीत नाही, आणि विचारलं तर नाही म्हणतील.

बाबा टेम्पो स्टँडवर सगळ्यांना सांगतात की मी मॅनेजर आहे. मी म्हटलं, "बाबा, सांगू नका तसं. मी ट्रायलवर आहे."

"गाडीपण ट्रायलला नेतात. म्हणून ती काय बैलगाडी होते?"

८ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्तरं यायला लागली. एका गृहस्थांनी फोन करून सांगितलं की नाही म्हणायला पत्र पाठवणारे आम्ही पहिलेच, आणि त्यांनी ते फ्रिजवर चिकटवलं आहे. दुसऱ्याने सांगितलं की आम्हाला चित्रातलं काही कळत नाही. मी "बरं" म्हटलं. मग तोही "बरं" म्हणाला.

तिसऱ्याने विचारलं, "पण कमी काय पडलं?"

"मला कारण सांगायची परवानगी नाही."

"अहो, वाद नाही घालणार. शपथ."

"तुमचं आकाश फार मोठं आहे," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर घाम आला. सरळसरळ आज्ञाभंग. बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी नुसतं विचारलं, "मग काय म्हणाला तो?"

"पुढच्या वेळी पक्षी घालतो म्हणाला."

"हं," म्हणाल्या आणि आत गेल्या. हे "हं" चांगलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहून काढते.

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक चित्राची चाचणी होते. नुसतं बघून चित्र कोड्याला चालेल का ते कळत नाही, म्हणून ते खरोखर चिकटवून, कापून बघतात. एकच जुना साचा आहे, सगळी चित्रं त्याच्याखाली जातात. त्यासाठीच आम्ही जाहिरातीत "छापील प्रत पाठवा" म्हणतो. ट्रेमधून चित्रं उचलून कटिंगच्या खोलीत नेऊन देणं हे माझं काम.

आज शेवटचं पत्र उरलं होतं, दाताच्या दवाखान्यात नावनोंदणी करणाऱ्या एका बाईंना. त्यांचं चित्र दवाखान्याच्या वेटिंग रूमचं होतं. खालच्या अर्ध्यात बाकावर बसलेली माणसं, सुजलेले गाल, कुणी रुमाल बांधलेला, कुणी नंबराचा बिल्ला चावतोय. वरच्या अर्ध्यात नुसती पांढरी भिंत. भिंतीमुळेच ते बाद झालं. अर्धा खोका पांढरे तुकडे कोण घेणार, असं मालकीणबाई म्हणाल्या होत्या.

मी कटिंगवाल्या काकांना सहज म्हटलं, "हे दवाखान्याचं चित्र छान होतं नाही?"

"हो. पण कागद जाड होता बुवा. दाब वाढवावा लागला. मला वाटलं, काहीतरी भारी छपाई असेल."

मी त्या चित्राची पिशवी फडताळातून काढली, एक तुकडा घेतला आणि ओल्या बोटाने घासला. बोट पांढरं झालं.

छपाईचा रंग बोटाला लागत नाही. ते हाताने रंगवलेलं मूळ चित्र होतं. ट्रेमधून ते मीच उचललं होतं. एकदा उलटून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

काका म्हणाले, "मास्तरीणबाई, असं तोंड करू नका. मी कापलंय, तुम्ही नाही."

ते चांगले आहेत म्हणून तसं म्हणाले.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना सांगितलं. त्या हिशेब तपासत होत्या, मान वर केली नाही. "प्रत पाठवा म्हणून स्पष्ट छापलं होतं. काम गेलं एवढं कळव, बाकी विसर."

"मॅडम, मी त्यांना सांगणार."

हे मी बोलले यावर माझा अजून विश्वास बसत नाही. आवाज मात्र माझाच होता, थोडा वरच्या पट्टीत.

बाईंनी आता मान वर केली. "सांग. पण नुसती तुकड्यांची पिशवी घेऊन कुणाच्या दारात उभी राहू नकोस. बरं दिसत नाही." म्हणजे टोमणाच. आणि लगेच एक कागद पुढे केला. "हे वर्तमानपत्रात द्यायचंय."

"ऑफिस सहायक पाहिजे. पत्रव्यवहार येणे आवश्यक. अनुभव असल्यास उत्तम."

ऑफिस सहायक मी आहे. दुसरं टेबलच नाही ऑफिसात. मी जाहिरात दोनदा तपासली, पत्त्यात पिनकोड राहिला होता तो घातला आणि पाठवून दिली. महिनाअखेर माझा तीन महिन्यांचा अनुभव होतो. अर्ज करावा का, असंही एकदा मनात आलं.

येताना दवाखान्याची पिशवी घरी आणली. चित्र जोडून द्यायचं. निदान तेवढं. काकांना सांगितलं होतं, बाईंना नाही. उद्या सांगेन.

१७ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी टेम्पोतली फळी आणली आणि दोन पेट्यांवर टाकली. मी म्हटलं होतं की मी एकटी करीन. कुणी ऐकलं नाही.

आधी कडा शोधायच्या, हे मी समजावून सांगितलं. बाबांनी सरळ मधून सुरुवात केली. "सामान लावताना कपाट आधी ठेवतात, झाडू नंतर." त्यांनी गालाला रुमाल बांधलेला जाडा माणूस हातोहात लावला आणि त्याला कपाट असं नाव दिलं.

आत्याने नुसते पाय शोधले. "माझी नजर खालीच बरी," म्हणाली. तासाभरात तिने सगळ्यांचे जोडे लावले आणि कोणाचा जोडा कसा झिजलाय त्यावरून कोण कुणाचं कोण ते ठरवूनही टाकलं. निळ्या साडीतली बाई आणि टोपीवाला यांचं म्हणे बिनसलंय.

"आत्या, ते नुसतं चित्र आहे."

"मग मधे एवढी जागा सोडून का बसलेत?"

संध्याकाळी माणसं झाली आणि भिंत उरली. सगळे तुकडे पांढरे. आईने एक उजेडात धरला, मग दुसरा. "हा सकाळचा पांढरा आहे, हा संध्याकाळचा. बघ ना, खिडकीकडून ऊन येतंय." मला दोन्ही सारखेच दिसले. आईने लावला तो बसला. त्यानंतरचे चार बसले नाहीत, तेव्हा म्हणाली, पुठ्ठा फुगलाय.

जेवायला कुणी वेळेवर उठलं नाही. माझ्या चुकीपायी सगळ्यांचा रविवार वाया गेला.

२० फेब्रुवारी, बुधवार

भिंत होत नाही आणि फळीभोवती गर्दी हटत नाही. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, वाटी तशीच ठेवून दोन तास बसल्या. बाबांचे स्टँडवरचे एक दोस्त येतात. त्यांना आम्ही मिशा म्हणतो, कारण त्यांच्याआधी त्याच दारातून आत येतात. ते कामावर जाण्याआधी एक तुकडा लावल्याशिवाय निघत नाहीत. आज लागला नाही म्हणून उशिरा गेले. मी त्यांना म्हटलं, "राहू द्या ना काका, कंटाळला असाल." त्यांनी मी शिवी दिल्यासारखं पाहिलं.

एवढ्या लोकांना मी नाहक यात अडकवलंय. जीव अर्धा झाला आहे.

ऑफिसात माझ्या जागेसाठी अर्ज यायला लागले. मी पाकिटं उघडते, तारखेचा शिक्का मारते आणि बाईंच्या ट्रेमध्ये ठेवते. एका मुलीने लिहिलंय की तिला चार भाषा येतात. अक्षरही चांगलं आहे. मी तिचा अर्ज सगळ्यात वर ठेवला, कारण खाली ठेवला असता तर मला ते दिवसभर खात राहिलं असतं.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

भिंत झाली. शेवटचा तुकडा मिशांनी बसवला आणि बाबा त्यांच्याशी बोलेनासे झाले.

मी चित्राकडे पाहत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "याला नीळ जास्त झालीय."

भिंतीच्या मधोमध एक तुकडा किंचित निळसर होता. आकाराने चपखल बसलेला, पण निळसर. बाबा म्हणाले, ओल आली असेल. आत्या म्हणाली, दाताच्या डॉक्टरला गळकी भिंत शोभत नाही.

मला उशिरा उमगलं. एकाच साच्यातून सगळी चित्रं कापली जातात, म्हणून एकाचा तुकडा दुसऱ्यात बरोब्बर बसतो. काकांच्या टेबलावर कुठल्यातरी दोन चित्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली. हा आकाशाचा तुकडा आहे. आणि असं फिकं आकाश एकाच चित्रात होतं. बुचडेवाल्याच्या बंदरात. ते जोडून, चौकटीत बसवून बाईंच्या केबिनमध्ये लावलेलं आहे.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत बाई बाहेर गेल्या तशी मी तो निळसर तुकडा घेऊन केबिनमध्ये शिरले. चौकटीला काच नाही. होता, तो तिथेच होता. झेंड्यांच्या वर, दोन पक्ष्यांच्या मधे, पांढरट. मी टाचणीने तो उचकटत होते आणि मागून आवाज आला.

"काय उपटतेयस?"

टाचणी हातातून पडली. तुकडा पडला नाही, तो मी मुठीत घट्ट धरला होता. मग मी सगळं सांगितलं. पिशवी न विचारता घरी नेल्याचंही, कारण दहा दिवस "उद्या सांगेन" म्हणत होते.

बाईंनी बंदराच्या आकाशातल्या भोकाकडे पाहिलं. "मला तो ढग वाटत होता," त्या म्हणाल्या. मग मी दिलेला निळा तुकडा स्वतःच्या हाताने तिथे दाबून बसवला आणि खुर्चीत बसल्या. "भिंतीला किती दिवस लागले?"

"रविवारपासून कालपर्यंत."

"कोण कोण होतं?"

मी सगळी नावं सांगितली, मिशांचंसुद्धा. कारखान्याच्या मालाला बाहेरच्या माणसांचे हात लागले, हे लपवून काय उपयोग.

"मधेच सोडून नाही दिलं कुणी?"

"मी म्हणत होते सोडा म्हणून. बाबा म्हणाले, आता सोडलं तर भिंत जिंकली."

"वेळ मोजला होता का? चिडले? भांडले?"

"बाबा आणि मिशाकाका अजून बोलत नाहीयेत."

"हं," बाई म्हणाल्या. "रविवारी घरी असाल ना सगळे? मी येते."

जबाब घ्यायला घरापर्यंत येणार. आईला सांगितलं तर ती चादरी बदलायला धावली.

२४ फेब्रुवारी, रविवार

बाई आल्या तेव्हा घरात भांडण चाललं होतं. मिशांनी म्हटलं होतं की भिंत पुन्हा लावायची झाली तर ते बाबांच्या निम्म्या वेळात लावतील. बाबांनी तिथल्या तिथे अख्खी भिंत मोडून तुकडे कालवून टाकले होते. मी डोक्याला हात लावून बसले होते. आणि दारात बाई.

आईने चहा दिला. बाईंनी कप खाली ठेवला आणि एक तुकडा उचलला. मग आणखी एक. बाबा म्हणाले, "मॅडम, तो इकडचा. सकाळचा पांढरा आहे."

"नाही हो, संध्याकाळचा आहे."

"आमच्या मंडळींना विचारा."

आईने उजेडात धरून सांगितलं, दुपारचा आहे.

चहावर साय आली. आत्या आमच्या बाईंना "तू" म्हणायला लागली होती. बाबांनी, मी डोळ्यांनी खुणावत असताना, सांगितलं, "आमची मॅनेजर लहानपणापासून अशीच. एकदा दुकानदाराने चुकून एक खडू जास्त दिला, तर परत द्यायला गेली आणि दुकान बंद होतं म्हणून पायरीवर बसून राहिली."

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. चित्र द्यायला मंगळवारी जाणार असं मी सांगितलं, तेव्हा निघताना म्हणाल्या, "मंगळवारी दवाखान्यात मीपण येते." म्हणजे माफी मागताना माझ्या तोंडून भलतंसलतं निघू नये, यावर लक्ष ठेवायला.

भिंत मिशांनी निम्म्या वेळात लावली नाही. मधला पांढरा तुकडा, खरा, बाईंनी लावला.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

चित्र दोन फळ्यांमध्ये धरून टेम्पोत ठेवलं. बाबांनी गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला बराच वेळ शेजारून गप्पा मारत आला. बाई पुढे बसल्या होत्या, मी मागे, फळीवर दोन्ही हात ठेवून.

दवाखान्यात चित्रातलीच खोली होती. बाक तोच, भिंत तीच, फक्त माणसं बदललेली. मी बिल्ला घेतला. बाई म्हणाल्या, "आपल्याला दात दाखवायचा नाही." पण आमच्याआधी आलेली माणसं बसली होती. त्यांना डावलून "आम्ही तुमचं चित्र कापलं" असं सांगायला पुढे जाणं मला जमलं नसतं. बाई बसल्या. बाबा उभे राहिले, फळी घेऊन.

खिडकीमागच्या बाई वयाने आईएवढ्या, केस आखूड कापलेले. आमचा नंबर पुकारला. "कुठला दात?"

"दात नाही. चित्र." मग मी घरून पाठ करून आलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, ते काम दुसऱ्या चित्रकाराला दिलंय. तुम्ही वाट पाहू नका. दुसरी जास्त वाईट आहे. तुमचं मूळ चित्र आम्ही कापलं. मीच नेऊन दिलं होतं. उलटून पाहिलं नाही."

बाबांनी वरची फळी काढली.

त्या खिडकीमागून बाहेर आल्या. भिंतीवरून, म्हणजे चित्रातल्या भिंतीवरून, त्यांनी सांध्यासांध्याने बोट फिरवलं. "छपाईत हा पांढरा येत नाही, म्हणून मूळच पाठवलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग विचारलं, "ही भिंत कुणी लावली?"

"आम्ही सगळ्यांनी," बाबा म्हणाले. "फार छळलं हो तुमच्या भिंतीनं. दोनदा लावली."

"दोनदा?"

"एकदा रागात मोडली."

त्यांचा चेहरा मला वाचता येत नव्हता. त्या म्हणाल्या, "माणसं मी भराभर काढली. भिंतीलाच वेळ लागला. कुणी तिच्याकडे बघितलंच नाही आजवर. डॉक्टरांनासुद्धा वाटलं, ती रंगवायची राहिलीय." आणि त्यांनी फळी बाबांच्या हातातून घेतली, मासिकं ठेवायच्या टेबलापाशी नेली आणि सरळ उलटी केली.

सगळे तुकडे टेबलावर. बाबांच्या तोंडून "अहो" एवढंच निघालं.

"तुम्ही दोनदा लावलीत," त्या म्हणाल्या. "मला एकदा तरी लावू दे."

पुढे जे झालं त्यात माझा काही हात नव्हता. बाकावरचा एक माणूस, गालाला खरोखरच रुमाल बांधलेला, उठून आला. त्याने एक तुकडा उचलला आणि बोबड्या आवाजात विचारलं, "हा मी का?" त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखा दुसरा." मग शाळेच्या दप्तरासकट एक मुलगी आली, तिची आजी आली. बाबा त्यांना सांगायला लागले की कडा नंतर, कपाट आधी. नंबर पुकारायला कुणी उरलंच नाही. थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः हातात चिमटा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "पुढचा कोण?" रुमालवाला मान वर न करता म्हणाला, "यांना घ्या आधी, माझा एक तुकडा लागायचाय." ज्यांना घ्या म्हणाला, त्यांनीही हात नुसता हलवला.

आमच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, खऱ्या भिंतीला. मग पुढे येऊन नोंदणीच्या बाईंना म्हणाल्या, "मूळ चित्राची जी काही किंमत असेल ती आमच्याकडे लागली. आणि हे आम्हाला छापायचंय. भिंतीसकट."

"पण काम तर दिलंय ना दुसऱ्याला?" त्या माझ्याकडे वळल्या. "आत्ताच या म्हणाल्या."

बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. दोघींनी पाहिल्यावर मला काहीतरी बोलणं भाग होतं. "ते काम दिलंय. ते त्यांच्याकडेच राहील," मी म्हणाले. "हे वेगळं काम आहे. हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

"ती म्हणते तसं," बाई म्हणाल्या.

घरी येताना लक्षात आलं की कंपनीच्या वतीने मी कुणालाही न विचारता शब्द देऊन बसले. ट्रायल संपायला दोन दिवस राहिले असताना. बाबा मात्र रस्ताभर शीळ घालत होते.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी टेबल आवरून ठेवलं. पट्टी, पेन, माझा कप. कुणी नवीन आलं तर तिला सोपं जावं म्हणून कुठे काय आहे ते एका कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

चार वाजेपर्यंत बाई हिशेब तपासत होत्या. मग त्यांनी बोलावलं. टेबलावर माझ्या जागेसाठी आलेल्या अर्जांचा गठ्ठा होता, चार भाषावाली सगळ्यात वर.

"यांना सगळ्यांना कळव," बाई म्हणाल्या. "जागा भरली म्हणून."

मी गठ्ठा उचलला. पत्र चुकीचं जाऊ नये म्हणून विचारलं, "कुणाला घेतलं ते लिहायचं का?"

बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं माझ्या तोंडाला शाई लागली आहे. "तुला खरंच कळलं नाही?"

"नाही मॅडम."

"खाली सही कोणाची आहे, त्यावरून कळेल त्यांना. आणि ते 'करिता' काढ. आद्याक्षरंही नकोत. नीट पूर्ण सही कर, पत्रव्यवहार आता तुझ्याकडे आहे. चित्र नाकारल्याची पत्रं फ्रिजवर चिकटवतात म्हणे लोक." मग परत चष्मा लावून म्हणाल्या, "आणि घरचा एक रविवार दर महिन्याला आम्हाला लागेल. नवीन कोडी तुमच्या फळीवर तपासायची आहेत. मिशांना सांग, भांडायचं नाही."

काकांनी बाहेरून ऐकलं असावं. त्यांनी यंत्र उगाचच एकदा रिकामं चालवलं.

मी टेबलाशी येऊन बसले. ड्रॉवरमधला तो कागद काढून फाडला. पहिलं पत्र चार भाषावालीला लिहिलं. "आपला अर्ज नीट वाचला. ही जागा भरली आहे. कृपया वाट पाहू नये." मग थांबले, आणि परवानगी न विचारता एक वाक्य वाढवलं: "आपलं अक्षर फार चांगलं आहे." खाली सही केली. आधी माझं नाव, मधे बाबांचं, मग आडनाव, एका ओळीत, पूर्ण.

त्या पत्राची एक प्रत घरी आणली. आईने हात पुसून मग धरली. आत्याने विचारलं, "आता कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी गेलं नाही, मी राहिले." ती म्हणाली, बालिस्टर, हे पहिल्या ओळीत लिहीत जा.

बाबा कागद लांब धरून बघत होते. वरचं छापील बोधचिन्ह, तारखेचे आकडे, तेवढे त्यांना वाचता आले. "मॅनेजर," ते म्हणाले, "यात मी कुठाय?"

मी त्यांचं बोट धरलं आणि सहीच्या मधल्या शब्दावर ठेवलं.

ते बोट त्यांनी उचललं नाही. तसंच ठेवून आईला हाक मारली, मग आत्याला, मग खिडकीतून खाली मिशांना.